माठाला हात लावू नये

"आप लोगों को हर जगह जात ही दिखती है, मॅडम," विभागप्रमुख हसत म्हणाले. माझ्याच वर्गात, माझ्याच विद्यार्थ्यांसमोर. मागच्या बाकावरचे दोघे हसलेही.

पोरांनो, तुमची आजी रायपूरच्या एका खासगी कॉलेजात तांत्रिक लेखन शिकवते, असं तुम्ही तिकडे कौतुकानं सांगता. काय शिकवते, ते ऐका. मजकूर एकदाच लिहायचा, एका जागी ठेवायचा. तिथून तो वेबसाइटवर, अ‍ॅपमध्ये, छापील पुस्तिकेत जातो. म्हणून जुना मजकूर आधी तपासायचा: ठेवायचा, सुधारायचा की काढायचा?

होस्टेलचे नियम असे नव्यानं मांडायचं काम कॉलेजनं माझ्या वर्गाला दिलं. शेवटची मंजुरी माझी. त्या दिवशी वर्गातल्या एका पोट्टीनं पडद्यावर एक जुना नियम आणला. 'सफाई कर्मचारी मेस के मटके को हाथ न लगाएँ. उनके लिए पीछे नल है.'

"मॅडम, हे काहून ठेवायचं? एकदा ठेवलं का तिन्हीकडं दिसंल."

"काढून टाक," मी म्हटलं. विभागप्रमुख दारातच उभे होते. तेव्हा ते वरचं वाक्य बोलले. मग म्हणाले, "वेबसाइट पर मत दिखाइए, पुस्तिका में रहने दीजिए. सफ़ाई की बात है. वैसे आपकी इंग्लिश इतनी अच्छी है, लगता नहीं कि आप..." पुढचं त्यांनी गिळलं.

मला किळस आली. त्या नियमात शुद्धलेखनाची एक चूक नव्हती. कोणीतरी शांतपणे बसून तो लिहिला होता, कोणी तपासला होता, कोणी मंजूर केला होता. माझे बाबा रेल्वेत होते. त्यांच्या ओंजळीत लोक वरून पाणी ओतत. तेव्हा असा नियम कुठं लिहिलेला नव्हता. आता त्याला पुस्तिका आहे.

"अप्रूव्ह कर दीजिए," ते म्हणाले.

"नहीं करूँगी. छिपाऊँगी भी नहीं. जड़ से हटाइए."

"फिर अगले सेमेस्टर का सोच लीजिए."

विचार झाला आहे. त्यांनी दार लावलं, तर इथल्या तात्यापारा मोहल्ल्यात, माझ्या घरी वर्ग भरवीन. पहिल्या दिवशी तोच नियम भिंतीवर लावीन, आणि प्रत्येकाला विचारीन: हा लिहिला कोणी, आणि वाचून गप्प कोण बसलं?