लाडूचे शेजारी

"मग आज सोडू नका, एवढंच सांगतेय," मी दुसऱ्यांदा म्हणाले.

कोरीट गावच्या आप्पांनी सुरतहून चार गोल्डफिश आणले होते. पिशवी हातात, तोंड फुगलेलं. नंदुरबारमध्ये माझं अ‍ॅक्वेरियमचं दुकान आहे. गिऱ्हाइकांच्या टाक्यांची देखभालही मीच करते. त्यासाठी मी त्या दिवशी त्यांच्या घरी गेले होते.

आप्पांच्या टाकीत एकच मासा, लाडू. त्यांच्या रोशनीने लहानपणापासून वाढवलेला. लग्न होऊन जाताना ती त्याला वडिलांच्या हवाली करून गेली होती. आता पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, ती माहेरी येणार होती, आणि एकट्या लाडूची टाकी पाहून तिला वाईट वाटेल अशी आप्पांना धास्ती.

"ह्या मासा आजारी दिखतस का तुमले?"

"दिसत नाहीत. म्हणूनच तीन आठवडे वेगळे ठेवायचे. याला क्वारंटाइन म्हणतात. रोग अंगात असला तर तेवढ्यात बाहेर येतो."

"पोर आखाजीले येई ऱ्हायनी नि पाव्हनास्ले वट्टावर बसाडू का?"

"बसवा. तिने येऊन लाडू कुठंय विचारलं, तर काय सांगाल?"

आप्पांनी पिशवी ओट्यावर ठेवली. मी जरा कठोरच बोलले, पण उपाय नव्हता.

ओट्यावर सावलीत टब लावला. त्याला छोटा फिल्टर, वेगळा मग, वेगळी जाळी. एकच जाळी दोन्हीकडे बुडवली की सगळं मुसळ केरात. आप्पांनी टबाच्या जाळीला लाल दोरा बांधला आणि रोज सकाळी मला फोन सुरू केला.

"ताई, आते सोडू का?"

"नाही."

आखाजीच्या आदल्या दिवशीही फोन आला. मी "नाही" म्हणून ठेवणारच होते.

"तसं नही, ताई. एक मासाना आंगले दोरा चिकटेल शे."

तो दोरा नव्हता. अँकर वर्म, म्हणजे माशाच्या अंगात डोकं रुतवून बसणारा किडा. त्याची पिल्लं पाण्यातून पसरतात. मी स्कूटर काढली. चिमट्याने किडा ओढला, टबात औषध घातलं. हात धूत होते तेवढ्यात दारात रिक्षा थांबली.

रोशनी बॅग टाकून थेट आत पळाली. टबाकडे बघितलंही नाही.

"आप्पा! हाऊ मन्हाच लाडू शे ना?"

"तुन्हाच शे."

"माले वाटनं मरी गया व्हई, नि तुम्ही फोनवर सांगतस नही."

ती काचेला गाल लावून रडायला लागली. आप्पा उपरण्याने तोंड पुसत ओट्यावर आले. मलाही भरून आलं. लपवायला मी उगाच फिल्टर तपासत बसले.

चारपैकी एक मासा गेला. उरलेल्यांचे तीन आठवडे मी पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावले. क्वारंटाइनचं असंच आहे. नीट पाळलं तर टाकीत काही घडतच नाही, आणि गिऱ्हाइकाला वाटतं की बाई उगाच छळते.

मुदत संपली, तरी आप्पांचा फोन नाही. शेवटी मीच केला.

"आप्पा, सोडा आता."

"आठ दिन आजून ऱ्हाऊ द्या ना, ताई."