मोडीतलं एक नाव

इतिहासाचं वेड लागलेली माणसं मी बरीच पाहिली, पण भोसरीतल्या दोन खोल्यांत बसून मोबाइलवर अख्खं मध्ययुग पालथं घालणारा माणूस आमच्या शेजारच्या काकांखेरीज दुसरा नसेल. तीस वर्षं त्यांनी कंपनीत लेथ मशीन चालवलं. शिफ्ट सुटली आणि इतिहास लागला. डाळीच्या डब्याला मोबाइल टेकवायचे आणि शिकवणारा समोर बसल्यासारखे "होय सर, कळलं सर" म्हणायचे. कुकरची शिट्टी झाली की लढाई थांबवून गॅस बंद करायचे. मोडी लिपीही ते अशीच घरबसल्या शिकले, काकूंच्या परातीतल्या पिठात बोटानं अक्षरं गिरवत. एकदा किराण्याची यादी मोडीत लिहून दिली, तर वाण्यानं ती डॉक्टरांची चिठ्ठी समजून मेडिकलमध्ये पाठवली. "अहो, ज्या कागदासाठी पूर्वी उंबरे झिजवायचे, तो आता माझ्या मांडीवर येऊन बसतो!" असं म्हणताना त्यांचा चेहरा उजळायचा.

त्याच मोबाइलनं त्यांचा घात केला. एका व्हिडिओत एक मोडी कागद क्षणभर दाखवून ठासून सांगितलं होतं, की अमुक आडनावाच्या माणसानं शत्रूला किल्ल्याची वाट दाखवली. आडनाव काकांच्या मोशी गावच्या मित्राचं होतं. तीस वर्षं एका डब्यात जेवलेला मित्र! मोडी तेव्हा काकांना अजून धड येत नव्हती, तरी त्यांनी तो व्हिडिओ जुन्या कामगारांच्या ग्रुपवर टाकला. मित्राचा फोन आला, "आमच्या म्हाताऱ्यांनी कधी गावची शीव वलांडली न्हाई, राव. किल्ला कुठला दावणार?" काका म्हणाले, "इतिहासापुढं मैत्री नाही." बाकीच्यांनी मित्राची बाजू घेतली, तेव्हा काका रागानं ग्रुपमधूनच बाहेर पडले. दोन वर्षं अबोला राहिला.

या हिवाळ्यात मोडीवर हात बसल्यावर त्यांनी तो व्हिडिओ थांबवून कागद स्वतः वाचला आणि मला हाक मारली. "अहो, ही तर आंब्यांची वाटणी आहे. दोन भावांची." मी हसलो. ते हसले नाहीत. "मी तेव्हा वाचलंच नव्हतं. नुसतं ऐकलं. गाडी काढता का? मोशीला जायचंय."

दार मित्राच्या बायकोनं, वहिनींनी उघडलं. आत भिंतीवर मित्राचा हार घातलेला फोटो होता.

"दिवाळीच्या आधीच गेलं ते, भावजी. पोरानं ग्रुपात टाकलं व्हतं. तुमी त्यात न्हवता."

काका खाली बसले. म्हणाले, "वहिनी, ते सगळं खोटं होतं. चूक माझी."

वहिनी आत गेल्या आणि फडक्यात बांधलेलं जुन्या कागदांचं एक दप्तर घेऊन आल्या. "तुमी मोडी शिकताय म्हनून ह्येंनी माळ्यावरनं काढलं व्हतं. भांडणाच्या आधी. म्हनायचं, तो वाचून दावील."

पहिलाच कागद विहिरीच्या पाण्याच्या पाळ्यांचा होता. कुणी कुठल्या वारी मोट हाकायची, एवढंच. काका एकेक शब्द लावत मोठ्यानं वाचू लागले.

"ह्येंच्या पणज्याचं नाव कुठं हाय?" वहिनींनी विचारलं.

काकांनी त्यांचं बोट धरून त्या अक्षरांवर ठेवलं. वहिनींना साधी बाळबोध देवनागरीही वाचता येत नव्हती. त्यांनी बोट तसंच ठेवलं, आणि त्या ते उचलेपर्यंत काकांनी पुढची ओळ वाचली नाही.