अर्ध्या कोर्टवर धान

आमची कॉलेजची बास्केटबॉलची टीम अजूनही वर्षातून एकदा कुणाच्या तरी घरी जमते. आता सगळ्यांचे गुडघे बोलायला लागलेत, दोघींची पोरं आमच्यापेक्षा उंच झालीत, पण चहा आला की विषय तोच. गंमत म्हणजे कुणी कुठल्या मॅचमध्ये किती पॉइंट केले हे एकीलाही आठवत नाही. आठवतं ते धान! धानाचं पोतं उचलून नेलं तरी खाली चार दाणे राहतातच, आमच्या किश्शांचं तसंच आहे. दरवर्षी वाटतं संपले, आणि झाडू फिरवला की पुन्हा निघतात.

* * *

गोष्ट दोन हजार सालाच्या आसपासची. गोंदियाजवळच्या दवनीवाड्याला आमच्या कॉलेजात कुठल्याशा योजनेतून बास्केटबॉलचं सिमेंटचं कोर्ट झालं. एवढी मोठी आणि एवढी गुळगुळीत जागा गावात तोवर कुणी पाहिली नव्हती. सिमेंट सुकलं, आणि सकाळी येऊन बघतो तर अर्ध्या कोर्टवर धान सुकायला पसरलेलं. आमच्या कॅप्टनची, सुषमाची आई लीलामावशी त्यात पाय घासत, रेघा ओढत फिरत होती. घर कॉलेजच्या मागेच, अंगण एवढंसं, त्यामुळे सरकारने कोर्ट आपल्यासाठीच बांधलं अशी तिची प्रामाणिक समजूत होती.

आमचे क्रीडा शिक्षक पटले सर धावत आले. म्हणाले, "लीलाबाई, हे पोरींना खेळायला आहे."

"मंग खेळू द्या ना. मी कोनाले नाही म्हनून राहिली?"

शेवटी तह झाला. उजवी बाजू धानाची, डावी बाजू आमची. बदल्यात एकच अट. ढग दिसले आणि मावशीने "पानी आला" अशी हाक दिली, की हातातला बॉल टाकायचा आणि पळत जाऊन धानावर ताडपत्री ओढायची. सर म्हणाले, चला, तेवढाच धावण्याचा सराव. पहिल्याच हंगामात आम्ही इतक्या तयार झालो, की झोपेत कुणी "पानी आला" म्हटलं असतं तरी उठून अंगावरचं पांघरूण धानावर टाकून आलो असतो.

* * *

या तहाचा पहिला फटका बसला गोंदियात. आमची बाहेर खेळलेली ती पहिलीच मॅच. हाफटाइमपर्यंत आम्ही चक्क पुढे होतो. सर खुशीत सगळ्यांना लिंबाच्या फोडी वाटत होते.

हाफटाइमनंतर बाजू बदलतात. हे आम्हाला माहीत होतं, पण पुस्तकात माहीत असतं तसं. आम्ही जन्मात एकाच रिंगमध्ये बॉल टाकला होता, दुसऱ्या रिंगखाली धान. शिट्टी वाजली, सुषमाने बॉल घेतला, तिघींना चुकवलं आणि अतिशय सुंदर बास्केट केली. आपल्याच रिंगमध्ये! समोरच्या टीमने टाळ्या वाजवल्या.

सर ओरडले, "सुषमे, काऊन वं? तिकडं जायचं होतं ना!"

सुषमा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सर, तिकडं तं धान रायते ना."

* * *

डिफेन्स शिकवताना सरांची फार पंचाईत व्हायची. "मॅन टू मॅन" म्हटलं की पोरी तोंडाला ओढणी लावून हसायच्या. मग सरांनी सोपं करून सांगितलं. धानावर बकऱ्या येतात की नाही? प्रत्येकीने एक बकरी धरायची. ती डावीकडे गेली की तुम्ही डावीकडे, ती उजवीकडे गेली की तुम्ही उजवीकडे. धानाला तोंड लावू द्यायचं नाही. धान म्हणजे रिंग.

हे मात्र सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. प्रतिभा आमच्यातली सगळ्यात बुटकी, पण बकरी हाकलण्यात गावात पहिली. तिच्या तावडीतून कुणी सुटत नसे. पण एका मॅचमध्ये नागपूरकडची एक उंच, गोरी, वेणीला रिबीन लावलेली मुलगी तिला चुकवून सुसाट निघाली आणि सर बाहेरून जीव तोडून ओरडले, "प्रतिभा, तुझी बकरी सुटली!"

मुलगी जागच्या जागी थांबली. तिने बॉल रेफरीच्या हातात दिला आणि रडत तक्रार केली. सरांना वॉर्निंग मिळाली. प्रतिभा आजही म्हणते, त्या मॅचमधला तोच आपला सगळ्यात चांगला डिफेन्स होता.

* * *

पुढल्या वर्षी आंतर-महाविद्यालयीन स्पर्धा आमच्याकडे आली. कशी आली ते विचारू नका, सरांनी कुणालातरी चिन्नोरचे सुवासिक तांदूळ पोचवले होते एवढंच कळलं. स्पर्धा म्हणून लीलामावशीने मोठ्या मनाने धान उचललं. पण उचललं म्हणजे काय? पोत्यात भरलं. सिमेंटच्या फटीफटीत दाणे तसेच.

शहरातल्या पोरी महागाचे बूट घालून आल्या होत्या. पहिल्याच धावेत त्यांची सेंटर घसरली, ती बसल्या बसल्याच रिंगखाली पोचली. मग दुसरी घसरली. तिसरीला धानाचं कुसळ लागून खाज सुटली आणि ती बॉल सोडून पाय खाजवत उभी राहिली. आम्ही मात्र अनवाणी, अंगठे रोवून, घरच्यासारख्या धावत होतो.

त्यांच्या मॅडम तावातावाने लीलामावशीकडे आल्या. "तुमचं धान आहे हे कोर्टवर?"

मावशी म्हणाली, "धान आपल्या जागी हाय, बाई. तुमच्या पोरी आल्या त्याच्यावर."

अशा रीतीने आम्ही जिंकलो, आणि विद्यापीठाच्या टीममध्ये अर्ध्याहून जास्त पोरी आमच्या गेल्या, कोच म्हणून पटले सरही. उरलेल्या शहरातल्या, म्हणजे आमच्याशी बोलत नसलेल्या. विभागीय स्पर्धेतून आम्ही कशाबशा पुढे सरकलो आणि थेट राष्ट्रीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत जाऊन पडलो.

* * *

या राष्ट्रीय स्पर्धेतला आमच्या विद्यापीठाच्या मुलींचा इतिहास सरांना तोंडपाठ होता. निघण्याआधी प्राचार्यांनी सगळ्यांसमोर विचारला, तेव्हा सर उभे राहिले. "सर, इतिहास असा आहे. मुली गेल्या, हरल्या, आल्या. मध्ये काही वर्षं गेल्याच नाहीत. मग पुन्हा गेल्या, हरल्या, आल्या."

प्राचार्य रोखठोक माणूस. म्हणाले, "एक मॅच जिंकून या. कोर्टला कुंपण घालतो, कुलूप लावतो, चावी कॅप्टनकडे. धानाचा एक दाणा आत येणार नाही. आणि नाही जिंकलात, तर पुढच्या हंगामापासून अख्खं कोर्ट धान सुकवायला देऊन टाकतो. कुणाच्या तरी कामी येईल."

माझंच सांगते. घरी मोठ्याने बोललं तरी आजी डोळे वटारायची. त्या अर्ध्या कोर्टवर मी पहिल्यांदा पोटातून ओरडले होते आणि कुणी मला गप्प बस म्हटलं नव्हतं. ते जाणार म्हणजे आम्ही पुन्हा आपापल्या घरी भाकरी थापायला जाणार.

खिडकीबाहेर लीलामावशी सूप घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं. घरी गेल्यावर सुषमाला एवढंच म्हणाली, "तुमी जिंकल्या तं मी धान कुठं सुकवू? तुह्या डोक्यावर?"

आणि नेमका तेव्हाच नियम निघाला, की मुलींच्या टीमसोबत एक लेडी मॅनेजर हवीच. कॉलेजातल्या एक मॅडम बाळंतपणाच्या रजेवर, दुसऱ्यांना गाडी लागते. सरांनी गावभर विचारलं. शेवटी यायला तयार झालेली बाई एकच होती. लीलामावशी!

* * *

स्पर्धा खाली दक्षिणेत होती. मावशीने लुगड्यावर मॅनेजरचा बिल्ला लावला आणि तो परत येईपर्यंत काढला नाही. आंघोळीला जाताना तेवढा माझ्याकडे सांभाळायला द्यायची.

मेसमध्ये जाडा उकडा भात होता. मावशीने एक शीत बोटावर घेऊन चावलं आणि वाढणाऱ्याकडे असं पाहिलं, की त्याने घाबरून पापड जास्त वाढले.

संध्याकाळी मॅनेजर लोकांची मीटिंग. सगळे ट्रॅकसूटमध्ये, मध्ये मावशी मांडी घालून खुर्चीवर. कुणाला बॉलबद्दल तक्रार, कुणाला रेफरीबद्दल. आमच्या विद्यापीठाचं नाव पुकारलं, तशी मावशी उभी राहिली आणि म्हणाली, "पोरीले चाय कमी भेटते." सरांनी घाईघाईने त्याचं हिंदी केलं. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या टीमना दोनदा चहा मिळू लागला. बड्या बड्या विद्यापीठांच्या पोरी येऊन मावशीच्या पाया पडून गेल्या.

मॅचमध्ये मात्र तिचं लक्ष नसे. उघडं मैदान, ऊन चांगलं. ती सारखी म्हणायची, "का मस्त ऊन हाय वं. धान दोन दिसात सुकन."

* * *

आता गटातली शेवटची मॅच. पहिल्या दोन आम्ही इतिहासाला धरून हरलो होतो. ही गेली की घरी, आणि कोर्टही गेलं.

कसं कोण जाणे, त्या दिवशी सगळं जमून आलं. प्रतिभाने अशी बकरी धरली की समोरच्या पोरीला पाणी प्यायची चोरी झाली. शहरातल्या पोरींनी पहिल्यांदा आम्हाला पास दिला. शेवटी शेवटी आम्ही एका पॉइंटने पुढे होतो आणि कोर्टवर आम्ही पाचही जणी दवनीवाड्याच्याच होतो. सर बसायचं विसरले होते.

शेवटचे काही सेकंद. बॉल त्यांच्याकडे. त्यांची सगळ्यात उंच पोरगी आमच्या रिंगखाली पोचली, तिला बॉल मिळाला. मी आणि सुषमा दोघी तिच्यासमोर हात वर करून उभ्या. माझा हात तिच्या कोपराला लागत होता. ती उडी मारणार, एवढ्यात प्रेक्षकांतून हाक आली.

"पानी आला वं पोरीहो! धान झाका!"

काय सांगू? आम्ही पाचही जणी पळालो. विचार करायला वेळच नव्हता. कोर्टची रेघ ओलांडली, प्रमुख पाहुण्यांच्या सोफ्यांवर उन्हासाठी बांधलेली ताडपत्री दिसली, सुषमाने एक टोक धरलं, मी दुसरं, आणि आम्ही ती ओढली. पाहुणे उन्हात आले.

मग मी मागे वळून पाहिलं. ती उंच पोरगी रिंगखाली एकटी, हातात बॉल. तिला अडवायला माणूस नाही, काणूस नाही. आणि ती मान वर करून आभाळ बघत होती. तिच्या टीममधल्या बाकीच्या चौघीही आभाळच बघत होत्या. रेफरीसुद्धा.

तेवढ्यात भोंगा वाजला.

मी ताडपत्रीचं टोक हातात धरून तिथेच खाली बसले आणि रडले. त्यांचे कोच भांडायला धावले. रेफरीने शांतपणे त्यांना सांगितलं, "सर, पूरा ग्राउंड खाली था. डाल देती." निकाल आमचाच राहिला.

परतीच्या गाडीत कुणाला झोप नव्हती. मावशी तेवढी बिल्ला लावून खिडकीशी बसली होती. पटले सर तिच्यासमोर येऊन बसले. त्यांनी विचारलं, "लीलाबाई, एक खरं सांगा. तुम्ही ओरडल्या ते आम्हाला जिंकवायला, की हरवायला?"

"मी धान झाकाले ओरडली."

सुषमा म्हणाली, "पन माय, आभाळ तं पूरा साफ होता."

मावशीने डब्यातला चिवडा तिच्या हातावर ठेवला.

"इथं साफ होता वं. दवनीवाड्यात कसा होता, तुले मालूम हाय का?"