चार जिने

रूथआत्या गेल्याचा निरोप शेजाऱ्यांच्या फोनवर आला. त्याला सात आठवडे झाले. रडू अजून नीट आलेलं नाही. राग मात्र रोज येतो.

आत्या तळोज्यातल्या एका रसायन कारखान्याच्या प्रयोगशाळेत होती. रविवारी चर्चमध्ये हार्मोनियम वाजवायची, गायनमंडळ तिच्याच हाताखाली. नव्वद-एक्याण्णवच्या सुमारास कारखान्यात वायू सुटला आणि तिची फुप्फुसं कायमची अधू झाली. घर नवी मुंबईत, बोनकोड्याच्या बाजूला, चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. तिला खुर्चीत बसवून वर नेलं, आणि दवाखान्याच्या खेपा सोडल्या तर पुढची सात वर्षं ती खाली उतरली नाही.

चर्चची मंडळी सुरुवातीला आली. 'देवाने तुला विश्रांती दिलीय, रूथ,' असं सांगून, चहा पिऊन गेली. मग कुणाचे गुडघे दुखायला लागले, कुणाला ऑफिसचं टेन्शन... वर्षभरात कुणी येईना. मीही पंधरवड्यातून एकदाच जायचे, हेही लिहायला हवं. रोज यायच्या त्या खालच्या मजल्यावरच्या कुसुमताई. साताऱ्याकडच्या, नवरा मार्केटात माथाडी. भाजी निवडायला म्हणून येऊन बसायच्या.

आत्या तिथे लगेच संत झाली असं कुणी समजू नये. पहिलं वर्ष तिनं पवित्र शास्त्र उघडलंच नाही. 'त्याच्याशी बोलायला श्वास कुठाय?' म्हणायची. मग एकदा गेले तर मांडीवर स्तोत्रं उघडी. 'ह्यात माझ्यापेक्षा चिडलेली माणसं आहेत गं,' ती म्हणाली. 'इतकी वर्षं नुसती गायले. वाचलं कधी नव्हतंच.' एक स्तोत्र तिला महिना पुरायचं. एका श्वासात अर्धी ओळ, थांबायचं, मग उरलेली.

एके दिवशी मात्र चर्चचे पाळक दोन माणसं घेऊन चारही जिने चढून आले.

'रूथबाई, तुमची हार्मोनियम इथे नुसती पडून आहे. मंडळीच्या कामी येईल.'

मी काही बोलणार तोच आत्या म्हणाली, 'न्या. पण दर महिन्याला प्रभुभोजनाची भाकर नि द्राक्षारस घेऊन वर यायचं.'

'येणार, येणार,' पाळक म्हणाले. ते दोनदा आले.

'दिलीस कशाला?' मी नंतर तिच्यावरच चिडले.

'वाजवायला दम नाही, म्हणून दिली. द्यायची नव्हती, हेही खरं. दोन्ही देवाला सांगितलंय.'

अंत्यविधीला तीच हार्मोनियम वाजत होती. पाळक म्हणाले, 'आमच्या भगिनीने सारं मूकपणे सोसलं.' मी उभी राहिले. म्हटलं, 'ती मूक नव्हती. ऐकायला वर कुणी आलं नाही.' मग कुणीतरी पुढच्या गीताचा नंबर सांगितला.

परवा खोली रिकामी करायला गेले. पलंग गेला होता, भिंतीवर त्याची रेघ तेवढी उरली होती. कुसुमताई केर काढत होत्या. मी विचारलं, 'आत्याचा पाळकांवर राग होता का हो, शेवटपर्यंत?'

'व्हता की. प्रार्थनेत रोज नाव घ्यायच्या त्यांचं. आधी लई रागानं. म्होरं म्होरं नुसतंच.'

त्या केरसुणी घेऊन बाहेर गेल्या. मी भिंतीवरच्या त्या रेघेपाशी बसले आणि पाळकांचं नाव घेतलं. रागानंच... मी अजून तिथवरच पोचले होते.