थेंबताईचा कॉलम

थेंबताईचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होई. आंघोळ, चहा, डबा, आणि मग चालत वृद्धनिवासात. तिथे तिचे वडील असत. जन्मभर लोकांची घरं रंगवलेला माणूस. शिडीवरून कधी पडला नाही, पण म्हातारपणी स्वतःचं घर विसरला. दुसऱ्या कुणाचा हात अंगाला लागला की तो आरडाओरडा करायचा, म्हणून त्याची दाढी करणं, अंग पुसणं हे सगळं ती स्वतः उरकून मग कामावर यायची. तिला तो आपली थोरली बहीण समजायचा. रोज एकच विचारायचा, "आक्का, भिंत वाळली का?" ती म्हणायची, "वाळतेय." ओल्या भिंतीवर पुन्हा रंग लावायचा नाही हा त्याचा नियम होता. डोक्यातलं बाकी सगळं पुसलं गेलं, एवढं राहिलं.

त्याला आधी घरीच ठेवला होता. तिचं घर म्हणजे वरच्या मजल्यावरची एक खोली आणि उभा जिना. ती कामावर गेलेली असताना एके दिवशी तो जिना उतरून गेला आणि दूर एका गोदामाच्या भिंतीशी, अनवाणी, हात फिरवत उभा सापडला. तेव्हापासून निवासात. निवासाचा खर्च तिच्या पगारातून जायचा. पगार होता तोवर म्हाताऱ्याला जागा होती. हे तिनं कधी रडून सांगितलं नाही. विचारलं तर सांगायची.

आमची संशोधन संस्था होती. मी तिथे कोल्ड रूमचा मिस्त्री, म्हणजे खोलीभर फ्रिज सांभाळणारा. ती तंत्रज्ञ, तीही कायम नाही. एका प्रकल्पावर घेतलेली. प्रकल्प चालला तर ती, नाहीतर नाही.

तिचं काम सांगायला सोपं आणि करायला वाईट. काचेची छातीएवढी उंच नळी, तिला कॉलम म्हणतात. त्यात जेल भरलेलं, म्हणजे डोळ्यांना दिसणार नाहीत एवढे मऊ मणी, आणि प्रत्येक मण्याला भोकं. वरून प्रोटीनचं पाणी सोडायचं आणि खाली थेंब थेंब गोळा करायचे. आश्चर्य असं की मोठे कण आधी बाहेर येतात आणि लहान मागून. मला हे पटेना, तेव्हा तिनं समजावलं. गल्लीत दुकानं आहेत, दारं अगदी अरुंद. जाडा माणूस आत शिरूच शकत नाही, तो सरळ गल्लीच्या टोकाला पोचतो. पोरं प्रत्येक दुकानात डोकावत बसतात, त्यांना उशीर होतो. एवढ्यानं मला पटलं.

थेंब पडत असताना एका यंत्राचं पेन कागदावर रेघ काढत जायचं. प्रोटीन आलं की रेघ वर चढायची, गेलं की उतरायची, म्हणजे कागदावर डोंगर. ठरलेल्या जागी एकच उभा, स्वच्छ डोंगर आला की प्रोटीन शुद्ध. भांडारातल्या कारकुनानं तिचं नाव थेंबताई ठेवलं ते यावरूनच. ती सामान न्यायला गेली की म्हणायचा, "काय थेंबताई, या महिन्याचा पगार थेंबाथेंबानं देतायत की एकदम?" ती म्हणायची, "एकदम देतात, पण गळतो थेंबाथेंबानं."

कष्टाची बाई होती, आणि कष्टाबद्दल मी उगाच कुणाला चांगलं म्हणत नाही. जेल पाण्यात भिजवून फुगवायचं, काचेच्या कांडीनं हळू फिरवत राहायचं म्हणजे तळाशी बसत नाही, आणि एका धारेत, मध्ये न थांबता नळीत ओतायचं. थांबलात की थर पडतो. घाई केलीत की हवा अडकते. ती ओतायची तेव्हा मी हातातला पाना खाली ठेवून बघत उभा राहायचो. धार शेवटपर्यंत एकसारखी.

प्रकल्प ज्या प्रोटीनवर उभा होता ते मात्र सुधरेना. डोंगराऐवजी पसरट टेकाड यायचं, पुढे शेपटी लांबच लांब. प्रकल्पाच्या प्रमुख मॅडम शांत स्वभावाच्या, हुशार. त्यांनी आणि थेंबताईनं ठरवलं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पहिला संशय माझ्यावर आला. खोली मध्येच गरम होत असेल तर जेलमध्ये बुडबुडे येतात. मी थर्मोस्टॅट बदलला, दाराची रबरं बदलली, थंडी काट्यावर आणून ठेवली. टेकाड तसंच. मग पंप हळू केला. मग वरून सोडायचं पाणी कमी केलं, कारण जास्त ओतलं की एकावर एक चढतं. मग मीठ वाढवलं, कारण मीठ कमी असलं की प्रोटीन मण्यांनाच चिकटून बसतं. प्रत्येक बदलाला अख्खा दिवस जायचा. ती स्वेटर घालून स्टुलावर बसायची आणि पेनाकडे बघायची. टेकाड तसंच.

त्यात कॉलम तुंबायला लागला. थेंब पडायचे ते आता रडतरखडत पडायचे. पंप जोर लावायचा आणि जेल दबून खाली बसायचं. मॅडमनी नळीच्या तळाशी नवी गाळणी लावून पाहिली. काही फरक नाही.

एके दिवशी दुपारी मी कंप्रेसरची जाळी साफ करत होतो. थेंबताई मॅडमच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. तिनं सांगितलं की गेले काही महिने ती जेल हातानं ढवळत नव्हती. स्टररवर ठेवत होती. स्टरर म्हणजे भांड्याखाली फिरणारं चुंबक, आणि भांड्यात त्याच्या ओढीनं गरागरा फिरणारी लहान दांडी. ही दांडी भांड्याच्या तळाशी मण्यांना भरडते, म्हणून जेलला ती लावायची नाही, हे त्या कामातल्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात शिकवतात. तिनंच तिथल्या कितीजणांना शिकवलं होतं.

मॅडमनी जेलचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मलाही बघू दिलं. गोल मणी थोडे, बाकी सगळा चुरा, फुटलेल्या काचेसारखा.

"का केलंत?" मॅडमनी विचारलं.

"मनगट जातंय. कांडी धरवत नाही."

"मग सांगायचं होतं ना. सांगायला काय झालं?"

"हात दुखतो म्हणणाऱ्याला कोण ठेवतं, मॅडम?"

मॅडमनी सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला.

पण खरं सांगायचं तर त्या दिवशी सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. दोष सापडला होता. चुऱ्यामुळे नळी तुंबते, कण नीट वेगळे होत नाहीत, टेकाड पसरतं. जेल बदललं की काम झालं. कारकुनानंसुद्धा खिल्ली उडवली नाही. नव्या जेलच्या मागणीचा कागद लगोलग पुढे सरकवला. प्रकल्पाचे उरलेसुरले पैसे त्या एका बरणीत गेले, आणि पैसे देणाऱ्या समितीची बैठक तोंडावर आली होती.

नवं जेल थेंबताईनं हातानं फिरवलं. मनगटाला पट्टा घट्ट बांधला होता. मॅडम म्हणाल्या, मी फिरवते. तिनं त्यांना फक्त नळी धरू दिली. मी दार धरून उभा राहिलो, येताजाता कुणी उघडू नये म्हणून. तिनं ओतायला सुरुवात केली तेव्हा कपाळावर घाम होता, त्या थंडीत. अर्ध्यावर तिनं भांड्याला डाव्या हाताचा आधार दिला. धार तुटली नाही. शेवटचं ओतून झाल्यावर तिनं भांडं खाली ठेवलं आणि उजवा हात काखेत दाबून धरला.

कॉलम नीट भरलाय का हे बघायला त्यात निळा रंग सोडतात. या रंगाचे कण इतके मोठे की एकाही भोकात शिरत नाहीत, म्हणून तो सगळ्यांच्या आधी खाली येतो. निळी पट्टी सरळ उतरली तर भराई चांगली. ती बांगडीसारखी उतरली. कुठे तिरकी नाही, कुठे तुटली नाही. मी माझ्या नोकरीत यंत्रांची बरीच चांगली कामं पाहिली. हातानं केलेलं इतकं साफ काम थोडंच.

दुसऱ्या दिवशी प्रोटीन सोडलं. आम्ही तिघं रेघेकडे बघत होतो. रेघ चढली. टेकाड नाही, डोंगर. सरळ, निमुळता, शेपटी नाही. मला आनंद झाला. मी म्हणालो, "एकच हवा होता ना? आला की."

काल निळा रंग सोडला तेव्हाचा रेघेचा कागद थेंबताईनं त्याच्याशेजारी धरला. दोन्ही डोंगर एकाच जागी.

"आला," ती म्हणाली, "पण पहिला आला."

मग मला कळलं. हे प्रोटीन लहान, ते बऱ्याच उशिरा यायला हवं होतं. निळ्या रंगाबरोबर आलं म्हणजे सगळं एकमेकाला चिकटून त्याचे गठ्ठे झाले होते. गठ्ठा झालेलं प्रोटीन कामाचं नसतं, आणि कॉलमचं काम फक्त वेगळं करणं. गठ्ठा सोडवणं त्याच्या हातात नाही. ते वरून ओतायच्या आधीच बिघडलेलं होतं. बहुधा पहिल्या दिवसापासून.

तरी दोघी थांबल्या नाहीत. मीठ बदललं, थोडं ग्लिसरीन घातलं, प्रोटीन अगदी पातळ करून सोडलं, ताजं बनवून सोडलं. डोंगर दर वेळी त्याच जागी, दर वेळी सुरेख. फुटक्या जेलमध्ये सगळं पसरत होतं तेव्हा निदान कॉलमला नावं ठेवता येत होती. आता कॉलममध्ये काढायला दोष नव्हता. तिनं स्वतःच्या हातानं तो इतका नेटका भरला की शंकेला जागा उरली नाही.

मॅडमनी समितीला जे होतं ते दाखवलं. समितीनं प्रकल्प बंद केला. थेंबताईसाठी मॅडम दोन-तीन विभागांत बोलून आल्या. सगळीकडे विचारलं गेलं, हात कसा आहे?

शेवटच्या दिवशी तिनं कॉलममधून दिवसभर अल्कोहोलचं पाणी सोडलं, जेलला बुरशी धरू नये म्हणून. ते जेल आता कुणाला लागणार नव्हतं. मी तसं म्हणालो. ती म्हणाली, "असं टाकून जाता येत नाही, मिस्त्री." संध्याकाळी वरचं आणि खालचं तोंड बंद करून ती गेली. पुढे कितीतरी वर्षं तो कॉलम माझ्या कोल्ड रूमच्या कोपऱ्यात उभा होता. मी निवृत्त झालो तेव्हाही होता.

निवासानं महिना संपेपर्यंत थांबू दिलं, मग म्हाताऱ्याला घरी आणावं लागलं. त्याला मी आणि कारकुनानं खुर्चीत बसवून जिन्यावरून वर नेला. कारकून धापा टाकत म्हणाला, "रंगारीबुवा, आता शिडी नको हं." म्हातारा त्याच्याकडे बघत राहिला. आता ती कुठे कामाला जाणार? त्याला एकटं सोडता येत नव्हतं, आणि सोबतीला माणूस ठेवायचा तर आधी काम हवं. यातून सुटायची वाट नव्हतीच.

खोलीत त्यानं आल्याआल्या भिंतीवर तळहात ठेवला. "आक्का, वाळली का?"

तिनं त्याच्या हाताशेजारी आपला तळहात भिंतीवर ठेवला. मग म्हणाली, "वाळली, बाबा."

"मग चल, कामाला लागू," तो म्हणाला आणि दाराकडे निघाला. तिनं डाव्या हातानं त्याला धरला. उजव्यात जोर उरला नव्हता. आम्ही दोघांनी मदत करून त्याला पलंगावर निजवला आणि मी दोन्ही बाजूंचे कठडे वर उचलून खिट्ट्या लावल्या.

लोखंडी पलंग, वर-खाली होणाऱ्या उंच कठड्यांचा, इस्पितळात असतो तसा. तिच्या शेवटच्या पगारात तेवढाच आला.