मुठीखालचा शिक्का

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं.

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन मी अरब देशातल्या तबूक शहरात एका बांधकाम कंपनीत सुरक्षा अधिकारी म्हणून गेलो. तेलाच्या पैशावर तिथे रोज नवी इमारत उठत होती. खात्यातली बरीच वर्षं मी शस्त्रागारात काढलेली, त्यामुळे जुनं हत्यार मला कळतं. आमच्या कफीलला, म्हणजे कंपनीच्या अरब मालकाला, अशा हत्यारांचा शौक होता.

त्यांच्याकडे लष्करी तपासणी झालेलं एक जुनं रिव्हॉल्व्हर होतं. लष्कराचा तपासनीस पास केलेल्या हत्यारावर बारीक शिक्का मारत असे. संग्राहक किंमत देतात ती त्या शिक्क्याला आणि जुन्या, डागाळलेल्या रंगाला. सिलिंडर अडकतो म्हणून मॅनेजरने ते परस्पर आमच्या दापोलीच्या फिटरकडे दिलं. परत आलं ते चकाचक. नंबर पुसट, शिक्का गायब. कफील म्हणाले, हे माझं नाहीच, कोणीतरी बदललंय.

मॅनेजर माझ्यासारखाच हिंदुस्थानी. म्हणाला, "रिपोर्ट लिखो, फिटर ने बदल दिया."

"बिना जाँच के मैं साइन नहीं करता."

"तुम्हारा इकामा भी कंपनी के हाथ में है."

"तो रख लो," तिथे राहायचा परवाना पणाला लावून मी म्हणालो.

चोरीच्या आरोपाचा तिथे काय अर्थ होतो, हे फिटरला माहीत होतं. तरी जबाबात एकच वाक्य, "जसं दिलं तसं परत केलं, सायेब." मध्येच त्याने पाणी मागितलं. खोटं बोलणारे बहुतेक जण मागतात.

खबर मेसच्या आचाऱ्याने दिली. "त्याने माझ्याकडनं हळद नेली. कशाला, ते माका विचारू नका." मी कॅलेंडर पाहिलं. हळद नेली तो दिवस खंडेनवमीचा, शस्त्रपूजेचा होता.

मी फिटरला पुन्हा बोलावलं, दार लावून घेतलं. हळदीचं नाव काढताच तो रडू लागला.

"हत्यार गंजलेलं कसा ठेवणार, सायेब? पॉलिशपेपरने घासलं, पूजलं. आता चोर म्हटलं तर मी एकटा मरेन. पूजेचं सांगितलं तर खोलीतले पूजेला बसलेले सहाही जण जातील."

त्या देशात उघड झालेली पूजा म्हणजे तुरुंग, नाहीतर घरी रवानगी.

दुसऱ्या दिवशी कफील आणि मॅनेजरसमोर मी मुठीच्या लाकडी पट्ट्यांचा स्क्रू काढला. पट्टीखाली, पॉलिशपेपर पोचला नव्हता तिथे, नंबर आणि शिक्का शाबूत होते. कफीलच्या खरेदीच्या कागदावर हाच नंबर होता. स्क्रूच्या खाचेत मात्र पिवळा कण दिसत होता. मी अंगठ्याने तो पुसला.

"घिसा क्यों?" कफीलनी विचारलं.

"जंग था. अच्छा कारीगर जंग देख नहीं सकता. कीमत आधी हो गई, पर हथियार आपका ही है." कफीलना मोडकं हिंदी कळत होतं, तरी शेवटचं वाक्य मी मॅनेजरला अरबीत सांगायला लावलं. मुद्दाम.

कफीलनी मॅनेजरकडे रोखून पाहिलं. "दिया किसने था?" मग "खलास, बात खत्म," म्हणत ते उठले. फिटर कामावर गेला.

पुरावा पुसणं हा गुन्हा आहे, हे मी खात्यातल्या कित्येक शिपायांना दरडावून शिकवलं. पुराव्याखाली कोण चिरडलं जाणार आहे ते आधी बघावं, हे मला त्या फिटरने शिकवलं. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा पुसेन. हा माझा कबुलीजबाब समजा. यावर सही करायला मी तयार आहे.