चारी बाजूंना हिरवा

सुनंदा मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. फोनवर त्यांचा मुलगा राहुल होता. तो बोलत असतानाच मागं मुलांच्या एका गटाची मोटर फिरली आणि पोरांनी एकच गिल्ला केला. मी व्हरांड्यात धावले, त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "राहू द्या मावशी. मम्मीला हेच आवडलं असतं."

खरंच आवडलं असतं. आम्ही दोघींनी कितीतरी वर्षं ती प्रयोगशाळा मिळून चालवली. कोऱ्या चिपवर प्रोग्राम चढवला की आपण सांगू ते सर्किट ती बनते, हे मॅडमना इतक्या वर्षांनंतरही नवलाचं वाटे. लहानपणी त्यांनी घरातला रेडिओ उघडला होता, तो पुन्हा काही जुळला नाही. पण बाबासाहेबांना मानणारं घर, शिकण्याचं मोठं कौतुक. वडील रागावले नाहीत, आत काय दिसलं एवढंच त्यांनी विचारलं. मॅडम म्हणायच्या, माझं इंजिनीअरिंग त्या दिवशीच सुरू झालं.

पिशोर गावची संगीता आमच्याकडं शिकायला आली तेव्हा चिप आणि दिवे बसवलेल्या सरावाच्या किटला हातच लावत नव्हती. बिघडलं तर, या भीतीनं ती नुसती लिहून घ्यायची, जोडणी मुलं करायची. हे आपल्याला जमणार नाय, घरी परत जाते, असं तिनं मला सांगूनही टाकलं होतं. मी ते मॅडमच्या कानावर घातलं. त्यांनी अख्ख्या बॅचला क्रांती चौकात नेलं आणि कडेला उभं राहून सिग्नल बघायला लावलं. हवालदार चौकशीला आला, तर त्यालाही इतकं सविस्तर समजावलं की तो बिचारा "शिकवा, शिकवा" म्हणत सटकला.

दुसऱ्या दिवशी तोच सिग्नल चिपवर करायचा होता. या वेळी मॅडमनी संगीताला एकटीला किट दिलं. तिनं प्रोग्राम चढवला, आणि चारी बाजूंना एकदम हिरवा दिवा! मुलं हसली. तिचा हात बटणाकडं गेला.

"बंद करू नको," मॅडम म्हणाल्या. "चौकात आता काय होईल?"

"लई गोंधळ. सगळेच घुसतील."

"मग कुणी थांबायचं, ते कोण ठरवणार?"

संगीतानं दिव्यांकडं बघितलं. "मीच."

दुपारभर ती तिथून हलली नाही. सिग्नल नीट चालला तेव्हा मॅडमनी सगळ्यांसाठी भजी मागवली. घरी जाण्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही. आज संगीता वाळूजच्या एका कारखान्यात यंत्रांचे कंट्रोल बोर्ड बनवते. मॅडमच्या पुण्यानुमोदनाच्या सभेत बुद्धवंदना झाल्यावर तिनं उभं राहून हाच किस्सा सांगितला. सभागृह हसत होतं, राहुल तर डोळे पुसत पुसत.

परवा नव्या बॅचमधल्या एका मुलीनं तार चुकीच्या पिनला लावली. मला ती चूक लगेच दिसली. हात पुढं गेला... आणि आपोआप मागं आला. मॅडम विद्यार्थ्यांच्या टेबलाशी नेहमी हात पाठीमागं बांधून उभ्या राहायच्या. मीही तशीच उभी राहिले. बऱ्याच वेळानं मुलीनं स्वतःच तार उपसली आणि शेजारच्या पिनला लावली. दिवा लागला. तिनं वर बघितलं, तेव्हा मी हसत होते.